पिवळा रेणू लाल होतो तेव्हा

बर्बेरीन क्लोराइडची पिवळीधमक भुकटी काचेच्या उथळ बशीत पातळ पसरायची. बशी निर्वात ओव्हनमध्ये ठेवायची, दाब पाऱ्याच्या २० ते ३० मिलिमीटरपर्यंत उतरवायचा, तापमान १९० अंश सेल्सिअसवर न्यायचं आणि वाट बघायची. आधी नारिंगी झाक येते, मग ती गडद होत जाते, आणि १५ ते ३० मिनिटांत सगळा थर गर्द लाल झालेला असतो. विद्रावक नाही, उत्प्रेरक नाही, ढवळणंसुद्धा नाही. रेणूच्या नवव्या कार्बनवर, ऑक्सिजनला चिकटलेला एक मिथाइल गट सोबतच्या क्लोराइडला घेऊन क्लोरोमिथेन वायूच्या रूपात निघून गेला, एवढंच घडलं. मागे राहिलं ते बर्बेरुबीन.

वनस्पतीतल्या रेणूपासून जंतुविरोधी औषध घडवण्याच्या सगळ्या खटाटोपात ही पायरी मला सर्वांत देखणी वाटते. दारुहळदीच्या मुळाच्या सालीत झाड बर्बेरीन हा रेणू बनवत आलं आहे. आपण त्याला फक्त एक खुंटी मोकळी करून देतो. मिथाइल गेल्यावर त्या ऑक्सिजनवर ऋण भार उरतो आणि मग त्या खुंटीला हवं ते टांगता येतं: आठ कार्बनची साखळी, बेंझिनचं कडं, छोट्या साखळीच्या टोकाला अमाइन. पुढची कित्येक वर्षं त्या खुंटीवर नेमकं काय टांगायचं आणि का, या एकाच प्रश्नात जातात.

पायरी सोपी असली तरी ती बिघडते, आणि बहुतेक वेळा एकाच कारणाने. बाटलीतलं बर्बेरीन क्लोराइड बहुधा दोन रेणू पाणी सोबत घेऊन आलेलं असतं. तराजूवर १ ग्रॅम भरलं तरी त्यात निर्जल क्षार साधारण ९१० मिलिग्रॅमच असतो. हे पाणी आधी उडवलं नाही, तर वजन घटलं ते मिथाइल गेल्याने की पाणी गेल्याने, हे कळायला मार्ग राहत नाही. निर्जल १ ग्रॅममधून जास्तीत जास्त ८६४ मिलिग्रॅम बर्बेरुबीन निघू शकतं. त्याहून जास्त भरलं तर आत पिवळं शिल्लक आहे असं समजावं. थर जाड असला की मधला भाग कच्चा राहतो. वेळ किंवा तापमान हाताबाहेर गेलं की काळपट, डांबरासारखं काहीतरी मिळतं आणि ते शुद्धीकरणाच्या कॉलमवरून काढताना दिवस जातो. आणि पंपातून बाहेर पडणारा क्लोरोमिथेन विषारी आहे. पंपाचं तोंड धूरकक्षात सोडल्याशिवाय ओव्हनचं बटण दाबू नये.

पुढची जोडणी त्यामानाने शांत असते. लाल बर्बेरुबीन अ‍ॅसिटोनायट्राइल किंवा डीएमएफ या विद्रावकात घ्यायचं, टांगायची साखळी घेऊन येणारं अल्किल ब्रोमाइड तीन ते पाच पट घालायचं आणि ६० ते ८० अंशाला काही तास ठेवायचं. वेगळा अल्क घालावा लागत नाही, कारण ऋण भार रेणूत आधीच आहे. नायट्रोजनचे चारही बंध भरलेले असल्याने तो या व्यवहारात पडत नाही. लाल रंग उतरून पिवळा परत यायला लागला की काम होत आलं. उरलेलं अल्किल ब्रोमाइड मात्र ईथरने धुऊन पूर्ण काढावं लागतं. ते तसंच राहिलं तर पेशी मारण्याचं काम ते स्वतःच करतं आणि श्रेय आपल्या नव्या रेणूला मिळतं.

इथे जरा थांबून मूळ प्रश्न विचारायला हवा. झाडाचा रेणू बदलायचाच कशाला? जसा आहे तसा का वापरू नये?

कारण झाडाने तो आपल्या रक्तासाठी बनवलेला नाही. झाडाला पळता येत नाही आणि आपल्यासारख्या फिरत्या संरक्षक पेशी त्याच्याकडे नाहीत. जिथे बुरशी शिरते तिथेच ते शेजारच्या पेशी मारून टाकतं, भिंती जाड करतं आणि त्या चिमुकल्या जागेत आपली रसायनं भरमसाट साठवतं. साल किंवा मूळ यांच्या वजनाचा काही टक्के भाग एकच अल्कलॉइड व्यापू शकतं. इतकी साठवण शक्य असताना रेणू फार तिखट असण्याची गरज उरत नाही. शिवाय झाड एकाच रेणूवर कधीच विसंबत नाही. दहा-वीस मिळून लढतात. याउलट पेनिसिलियम बुरशी किंवा मातीतले स्ट्रेप्टोमायसिस यांसारखे जीव अगदी थोड्या मात्रेत काम करणारे रेणू बनवतात. म्हणूनच पेनिसिलीनला संवेदनशील असलेला स्टॅफिलोकोकस मिलीलीटरला ०.०३ मायक्रोग्रॅमच्या आसपास पेनिसिलीनने थांबतो, आणि त्याच जंतूसाठी बर्बेरीन शेकड्याच्या घरात लागतं. ओव्यातलं थायमॉल किंवा लवंगेतलं युजेनॉलही बहुधा शेकड्यांतच मोजावं लागतं. रक्तात इतकी मात्रा टिकवणं कुठल्याच शरीराला झेपणारं नाही.

हा हजारो पटींचा फरक डोळ्यांसमोर ठेवला की ‘अमुक वनस्पतीच्या अर्काने जंतू मेले’ या वाक्यातली हवा बरीचशी निघून जाते. बशीत जंतू मारणं हे या कामातलं सर्वांत सोपं काम आहे. पुरेशी मात्रा घेतली तर मिठानेही जंतू थांबतात. खरा प्रश्न असतो किती मात्रेत, कशामुळे, आणि त्याच मात्रेत माणसाच्या पेशीचं काय होतं.

म्हणून मोजमाप चोख हवं. जंतू पसरलेल्या अगरच्या जेलीत भोक पाडून अर्क ओतायचा आणि भोवतालचं स्वच्छ वर्तुळ पट्टीने मोजायचं, ही पद्धत डोळ्यांना समाधान देते. रेणू बदलण्याच्या कामात ती जवळपास निरुपयोगी आहे. वर्तुळाचा आकार रेणू किती तिखट आहे यावर जितका अवलंबून असतो, तितकाच तो अगरमध्ये किती सहज पसरतो यावरही असतो. तेलकट रेणू जागचा हलत नाही आणि निष्कारण नापास होतो. लांब साखळी जोडलेला रेणू तर हमखास होतो.

त्याऐवजी ९६ खळग्यांची प्लेट घ्यायची. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ठरलेल्या प्रमाणात असलेलं म्युलर-हिंटन ब्रॉथ हे जंतू वाढवायचं पोषक द्रव, प्रत्येक खळग्यात ५० मायक्रोलीटर, आणि त्यात रेणू हव्या त्या मात्रेच्या दुप्पट, प्रत्येक पुढच्या खळग्यात निम्मा होत जाणारा. जंतूंचं द्रावण ०.५ मॅकफार्लंड गढूळपणाला आणायचं, म्हणजे मिलीलीटरला १० ते २० कोटी पेशी. ते सुमारे दीडशे पट पातळ करून प्रत्येक खळग्यात ५० मायक्रोलीटर घालायचं, की शेवटी मिलीलीटरला सुमारे ५ लाख पेशी राहतात. प्लेट ३५ अंशाला १६ ते २० तास ठेवायची. ज्या सर्वांत कमी मात्रेत खळगा स्वच्छ राहतो ती एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी किमान मात्रा. रेणू विरघळवायला वापरलेलं डीएमएसओ शेवटी १ टक्क्याच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि फक्त डीएमएसओ घातलेली एक रांग कायम हवी. रोज एक ओळखीचा जंतू आणि एक ओळखीचं औषध सोबत चालवायचं. त्याचं उत्तर ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं तर त्या दिवसाची सगळी प्लेट फेकायची. याला पर्याय नाही, कितीही जीव तुटला तरी.

पेशींची संख्या का सांभाळायची? कारण ५ लाखांऐवजी ५० लाख पडले तर कित्येक रेणूंची एमआयसी वर सरकते, आणि ५० हजार पडले तर प्रत्येक अर्क चमत्कारी दिसायला लागतो. कागदावरच्या अनेक आश्चर्यकारक आकड्यांमागे इतकं साधं कारण असू शकतं.

वनस्पतीच्या रेणूंना आणखी काही खोडी आहेत, आणि त्या माहीत नसलेला माणूस वर्षानुवर्षं चकवा लागल्यासारखा फिरत राहतो. टॅनिन घ्या. ते कुठल्याही प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे जंतूंच्या पृष्ठभागापासून चाचणीतल्या विकरापर्यंत सगळं थांबवल्यासारखं दिसतं. कच्चा अर्क पॉलिअमाइडच्या छोट्या कॉलममधून काढून टॅनिन वेगळं केलं आणि अर्काचा प्रभाव नाहीसा झाला, तर तिथेच थांबावं. कर्क्युमिनची गोष्ट याहून जास्त शिकवणारी आहे. त्याच्यावर शोधनिबंधांचा डोंगर आहे; पण ३७ अंशाला, जवळपास उदासीन पीएचच्या साध्या बफरमध्ये ते अर्ध्या तासात ९० टक्क्यांच्या आसपास विघटित होतं. ते स्वतः चमकतं, गोळा होऊन सूक्ष्म कण बनवतं, प्रथिनांना चिकटतं. त्यामुळे ज्या चाचणीत टाकाल त्या चाचणीत काहीतरी दिसतंच. सगळीकडे दिसणारा परिणाम हा बहुधा चाचणीचा दोष असतो, रेणूचा गुण नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

रंगाचंही तसंच. पिवळ्या-लाल रेणूंनी भरलेल्या प्लेटमध्ये गढूळपणा यंत्रावर वाचणं धोक्याचं, म्हणून रेझाझुरिन घालतात: जिवंत पेशी निळ्याचा गुलाबी करतात. पण फ्लॅव्होनॉइडसारखे अँटिऑक्सिडंट रेणू पेशी नसतानाही हा रंग पालटू शकतात. पेशी जिवंत आहेत का हे बघायच्या एमटीटी चाचणीत तर ते सर्रास घडतं आणि विषारी रेणू निर्धोक ठरतो. उपाय अगदी साधा आहे, तरी वगळला जातो तो हाच: पेशी न घालता, फक्त रेणू आणि रंग असलेली एक रांग. आणि शंका असेल तिथे खळग्यातले १० मायक्रोलीटर अगरवर टाकून दुसऱ्या दिवशी वसाहती मोजणं. वसाहती खोटं बोलत नाहीत.

आता पुन्हा त्या खुंटीकडे.

बर्बेरुबीनला कार्बनची साखळी जोडली आणि ती एकेक कडीने वाढवत नेली, तर स्टॅफिलोकोकसविरुद्धची एमआयसी भराभर खाली येते. आठ-दहा कार्बनांपर्यंत आलेख सुंदर उतरतो, पुढे पाण्यात विरघळणं कमी होऊन तो पुन्हा चढू लागतो. ज्याने हा आलेख पहिल्यांदा काढला त्याला आनंद न होणं शक्य नाही. आणि नेमका इथेच सापळा आहे. डोक्यावर धन भार आणि मागे लांब तेलकट शेपटी, हे वर्णन साबणासारख्या जंतुनाशकांचंच आहे. फरशी पुसायच्या द्रावणातले चतुष्क अमोनियम क्षार असेच दिसतात. म्हणजे आपण एका अल्कलॉइडला सुधारत नेलं की त्याचा फक्त महागडा डिटर्जंट केला, हे आलेखावरून कळत नाही.

ते कळण्यासाठी लाल रक्तपेशी लागतात. धुतलेल्या पेशींचं २ टक्के द्रावण, ३७ अंशाला एक तास, मग जोरात फिरवून पेशी तळाशी बसवायच्या आणि वरच्या पाण्यात उतरलेला लाल रंग ५४० नॅनोमीटरला वाचायचा. ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटने फोडलेल्या पेशी म्हणजे १०० टक्के. रेणू रंगीत असेल तर रेणूची स्वतःची कोरी रांग वजा करायची. सहा कार्बन, आठ कार्बन, दहा कार्बन, असं जाताना जंतूंची एमआयसी आणि रक्तपेशी फुटण्याची मात्रा हातात हात घालून उतरत असतील, तर निवडकता काहीच मिळालेली नाही. दोन मात्रांमध्ये निदान दहापटीचं अंतर हवं, आणि खरं तर दहापट हीसुद्धा उदार सूट आहे.

हे अंतर मिळत नसेल तर शेपटी लांबवण्यात आणखी एक महिनाही घालवू नये, असं मी ठामपणे म्हणेन. शेपटीच्या जागी ताठ कडं घालून बघावं, भार दुसरीकडे हलवून बघावा, साखळीच्या मध्ये ऑक्सिजन घालून तिचा तेलकटपणा मोडून बघावा. बर्बेरीनचे काही बदललेले रेणू जंतूच्या विभाजनासाठी लागणाऱ्या एफटीएसझेड या प्रथिनाला बांधले जातात असं दिसलं आहे. असं काही विशिष्ट लक्ष्य हाती असेल तर काम पुढे न्यायला अर्थ आहे. पेशीचं पटल, म्हणजे तिचं पातळ आवरण, फोडणं हे लक्ष्य नव्हे. तिथे आपल्या आणि जंतूंच्या पेशीत फरक फार थोडा असतो.

पण मुळात बर्बेरीन इतकं मवाळ का, याचं एक उत्तर झाडानेच लपवून ठेवलं होतं. स्टॅफिलोकोकसच्या पटलात नॉरए नावाचा एक पंप असतो. धन भार असलेले, अर्धे तेलकट रेणू पकडून बाहेर फेकणं हे त्याचं काम, आणि बर्बेरीन म्हणजे त्याचं आवडतं गिऱ्हाईक. २००० साली फ्रँक स्टर्मिट्झ, किम लुइस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बर्बेरीन बनवणाऱ्या बर्बेरिस वनस्पतीच दुसराही एक रेणू बनवतात, ५’-मेथॉक्सिहिड्नोकार्पिन. तो एकटा जंतूंना काहीही करत नाही. कुठल्याही नेहमीच्या चाळणीत तो पहिल्याच दिवशी बाद झाला असता. पण तो नॉरए पंप बंद पाडतो. मग एरवी निष्प्रभ असलेल्या मात्रेतही बर्बेरीन जंतूची वाढ थांबवतं.

माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत विचार करायला लावणारा निष्कर्ष आहे. अर्क वेगळा करत जाताना ‘प्रभाव हरवला’ अशी तक्रार सतत येते. अर्कात एमआयसी ६४, त्याच्या वेगळ्या केलेल्या भागात, म्हणजे फ्रॅक्शनमध्ये, १२८, शुद्ध रेणूत २५६. दर वेळी रेणू खराब झाला असंच नसतं. कधी कधी त्याचा जोडीदार दुसऱ्या नळीत गेलेला असतो. म्हणून फ्रॅक्शन सुटी तपासून झाली की ती परत एकमेकांत मिसळूनही तपासावीत. दोन रेणूंचं खरंच जमतं का हे बघायला बुद्धिबळाच्या पटासारखी प्लेट लावतात, एक औषध आडवं उतरत जाणारं आणि दुसरं उभं. एकत्र आल्यावर प्रत्येकाची मात्रा त्याच्या एकट्याच्या मात्रेच्या कितव्या भागावर आली, त्या दोन अपूर्णांकांची बेरीज ०.५ किंवा त्याखाली आली तरच संगनमत म्हणायचं. ०.७ ला ‘अंशतः संगनमत’ म्हणून आनंद मानू नये, कारण या पद्धतीत एका खळग्याची चूक नेहमीचीच, आणि एक खळगा म्हणजे दुप्पट किंवा निम्मं.

जोडीदार दोन गोळ्यांत देणं कठीण असतं. दोघं शरीरात वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि बाहेर पडतात, आणि जंतूपाशी पोचेपर्यंत त्यांची गाठ पडेलच असं नाही. म्हणून २००६ साली लुइस, जॉन ब्रेमनर आणि सहकाऱ्यांनी दोघांना एकाच रेणूत बांधलं: बर्बेरीनच्या तेराव्या जागेवर आयएनएफ-५५ हा कृत्रिम पंपरोधक. एमआयसी बर्बेरीनच्या तुलनेत शेकडो पटींनी उतरली. झाडाने दोन हातांनी केलेलं काम एका हातात आणायचा हा प्रयत्न होता, आणि रेणू बदलणं म्हणजे नेमकं काय याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

हे सगळं स्टॅफिलोकोकससारख्या, एकच पटल असलेल्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंपुरतं. ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनस या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंकडे वळलं की पायाखालची वाळू सरकते. त्यांना बाहेरून आणखी एक पटल असतं, लिपोपॉलिसॅकराइडने गच्च भरलेलं. त्यातून तेलकट रेणू जाऊ शकत नाही, आणि प्रथिनांच्या ज्या अरुंद दारांतून जाता येतं तिथे साधारण ६०० डाल्टनपेक्षा जड रेणूला प्रवेश नाही. आत शिरलेल्याला अ‍ॅक्रएबी-टॉलसी हा पंप दोन्ही पटलं ओलांडून थेट बाहेर टाकतो. पंप नसलेला किंवा बाहेरचं पटल कमजोर केलेला जंतू सोबत ठेवला की अडचण कुठे आहे ते लगेच दिसतं: कमजोर पटलाच्या जंतूवर रेणू चालतो आणि मूळ जंतूवर नाही, तर शिरकाव अडतो आहे; पंप काढल्यावर चालतो, तर हकालपट्टी होते आहे; कुठेच चालत नाही, तर लक्ष्यच नाही. हे तीन जंतू शेजारी शेजारी न ठेवता नुसतं ‘ग्रॅम-निगेटिव्हवर निष्प्रभ’ लिहिणं म्हणजे हातातली माहिती वाया घालवणं आहे.

शिरकाव कसा साधायचा याबद्दल २०१७ साली पॉल हर्गेनरोदर यांच्या गटाने एक उपयोगी वाट दाखवली. १८० हून जास्त रेणू ई. कोलायच्या आत किती साठतात ते थेट मोजून त्यांनी ताडलं की रेणूवर मोकळा प्राथमिक अमाइन असावा, तो चपटा असावा, आणि त्यात मनमानी फिरणारे बंध पाचाहून जास्त नसावेत. वनस्पतीतले कडीबद्ध रेणू पुष्कळदा चपटे आणि ताठ असतातच. नसतो तो अमाइन. म्हणजे मघाच्या खुंटीवर लांब शेपटीऐवजी आखूड साखळी आणि टोकाला अमाइन टांगून बघायला सबळ कारण आहे. हमी मात्र नाही. अमाइनमुळे दार उघडतं, पंप तसाच राहतो.

बशीत सगळं जमलं तरी शरीर बाकी असतं. पहिली कसोटी स्वस्त आहे: ब्रॉथमध्ये अर्धा भाग मानवी रक्तद्रव घालून तीच एमआयसी पुन्हा काढायची. रेणू रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटणारा असेल तर २ चा आकडा ३२ वर जातो, आणि उंदरावर प्रयोग करायच्या आधीच उत्तर मिळतं. तेलकट, सपाट, फेनॉलयुक्त रेणूंचा इथे मोठ्या संख्येने निकाल लागतो. तोंडावाटे दिलेल्या बर्बेरीनचा तर उंदरांमध्ये १ टक्काही भाग रक्तात पोचत नाही. आतड्याच्या पेशी त्याला पंपाने परत लोटतात आणि यकृत उरलेल्याचं रूप पालटतं. मोकळे फेनॉल असलेल्या रेणूंना यकृत काही मिनिटांत साखर किंवा सल्फेट लावून बाहेरची वाट दाखवतं. हे मुद्दे शेवटी तपासायचे नसतात. दहावा रेणू बनवण्याआधी तपासायचे असतात, म्हणजे अकरावा कसा असावा ते कळतं.

कच्च्या मालाचा प्रश्नही सुरुवातीलाच सोडवावा लागतो. मुळातून मिळणारा रेणू म्हणजे मूळ खणणं, आणि मूळ खणलं की झुडूप गेलं. म्हणून नमुना गोळा करतानाच त्याची वाळवलेली फांदी वनस्पतिसंग्रहालयात क्रमांकासह ठेवायची, जागा आणि महिना नोंदवायचा, परवानगी घ्यायची. २०१४ पासून लागू असलेला नागोया करार ज्यांच्या भूमीतून वनस्पती आली त्यांना लाभाचा वाटा देण्याबद्दल बोलतो, आणि ते न्याय्य आहे. नमुन्याची नोंद नसली तर त्याहून वाईट एक गोष्ट घडते: दोन वर्षांनी अर्क संपतो, नवा आणला की प्रभाव नसतो, आणि मुळात कुठलं झाड होतं हेच सांगता येत नाही.

इतकं सगळं कठीण असताना हे करायचं कशाच्या भरवशावर? भरवसा आहे, कारण हे याआधी झालेलं आहे. बॅक्टेरियावर नाही, हिवतापाच्या परजीवीवर.

१८२० साली पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळं केलं. त्याला पर्याय शोधताना क्लोरोक्विन आलं, आणि क्लोरोक्विन बनवताना मागे राहणाऱ्या एका उपपदार्थातून १९६२ साली नॅलिडिक्सिक आम्ल. तिथून क्विनोलोन प्रतिजैविकांचं सगळं कुटुंब, सिप्रोफ्लॉक्सॅसिनपर्यंत. ही वाट वाकडी आहे, पण तिचं दुसरं टोक एका झाडाच्या सालीत आहे.

दुसरी वाट सरळ आहे. १९७० च्या सुमारास चीनमध्ये शास्त्रज्ञ तू यूयू आणि त्यांचे सहकारी छिंगहाओ या औषधी वनस्पतीचे अर्क हिवताप झालेल्या उंदरांवर तपासत होते आणि निकाल दर वेळी वेगळा येत होता. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या एका नोंदीत ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस काढायला सांगितलं होतं, उकळायला नाही. त्यावरून तू यांनी उष्णता टाळली आणि साधारण ३५ अंशालाच उकळणारा ईथर वापरला. अर्कातला आम्लधर्मी, विषारी भाग धुऊन काढला आणि उदासीन भाग ठेवला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतला परजीवी पूर्णपणे संपवला. तापमान, वनस्पतीचा भाग, कापणीचा काळ, नको तो अंश काढणं: नोबेल पुरस्कारापर्यंत गेलेलं हे काम मुळात अर्क काढण्याच्या शिस्तीचं आहे.

त्या अर्कातलं प्रभावी द्रव्य, आर्टेमिसिनिन, हातात आलं तेही औषध म्हणून अर्धवटच होतं. पाण्यात विरघळत नाही, तेलात पुरेसं नाही. १९७३ मध्ये त्याची रचना पडताळताना सोडियम बोरोहायड्राइड घातलं गेलं. रेणूतला नाजूक पेरॉक्साइडचा पूल तुटेल असं कुणालाही वाटलं असतं, तुटला नाही. शेजारचा लॅक्टोन तेवढा लॅक्टॉल झाला आणि एक हायड्रॉक्सिल मोकळा मिळाला. तीच खुंटी. तिच्यावर मिथाइल टांगलं की तेलात विरघळणारं आर्टेमेथर, सक्सिनिक आम्लाचा अर्धा एस्टर टांगला की आर्टेसुनेट. पुढे २०१३ पर्यंत यीस्टकडून लीटरला २५ ग्रॅम आर्टेमिसिनिक आम्ल करून घेण्यापर्यंत मजल गेली, म्हणजे शेतातल्या पिकाला एक जोड मिळाली. आणि परजीवीनेही आपली चाल खेळली: केल्च-१३ या जनुकातल्या बदलांमुळे तो आता काही ठिकाणी या औषधाला पूर्वीसारखी दाद देत नाही, म्हणून हे औषध एकटं देऊन संपवायचं नसतं, जोडीदारासह द्यायचं असतं.

तीव्र हिवतापाच्या १,४६१ रुग्णांवर आशियात झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्विनीन दिलेल्यांपैकी २२ टक्के दगावले, आर्टेसुनेट दिलेल्यांपैकी १५ टक्के. एका बाजूला झाडाने दिला तसाच रेणू, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या झाडाचा, खुंटी मोकळी करून बदललेला.

त्या आर्टेसुनेटची कुपी आजही दोन भागांत येते, कारण पाण्यात घातलं की तो एस्टर सुटायला लागतो. एका कुपीत ६० मिलिग्रॅम कोरडी पांढरी भुकटी, दुसरीत १ मिलीलीटर ५ टक्के सोडियम बायकार्बोनेट. दोन्ही एकत्र केले की आधी ढगाळ दिसतं. कुपी हलक्या हाताने फिरवत राहायचं, बुडबुडे निघून द्रावण स्वच्छ होईपर्यंत. मग सलाइन घालून पातळ करायचं आणि वजनानुसार किलोला २.४ मिलिग्रॅम, २० किलोच्या आतल्या मुलांना ३ मिलिग्रॅम, शिरेतून सावकाश द्यायचं. पुन्हा १२ तासांनी, पुन्हा २४ तासांनी. तयार केलेलं द्रावण तासाभरात वापरायचं, आणि स्वच्छ झालं नाही तर टाकून द्यायचं.